पाळी जाण्याच्या वयात
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात काहीतरी गोड बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘पाळी जाण्याच्या वयातले आरोग्य’ असे सांगितले. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि पत्रिकेवर ‘स्त्रियांचे आरोग्य’ एवढेच छापले. मी त्यांना दोष देत नाही. पत्रिका घरोघर जायची, पुरुषमाणसांच्या हाती पडायची, असा विचार त्यांनी केला असेल. परंतु मला आज जे सांगायचे आहे ते याच संकोचाविषयी आहे.

मी डॉक्टर नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात अठ्ठावीस वर्षे नर्स म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. बाळंतपणे केली, लसी टोचल्या, गोळ्या वाटल्या. त्या काळात तरण्या सुनांची चौकशी मी रोज करीत असे. पण दारात तांदूळ निवडीत बसलेल्या सासूला, ‘बाई, तुमची तब्येत कशी आहे?’ असे मी किती वेळा विचारले? फार थोडया वेळा. मुले होण्याचे वय संपले की बाईच्या प्रकृतीची दखल घेण्याचे कारण संपले, असे आपण सर्वांनीच धरून चाललो होतो.

पाळी जाणे हा आजार नव्हे, हे आधी सांगते. साधारणपणे पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास आपल्या अंडाशयांतून पाझरणारे स्त्रीत्वाचे रस कमी होत जातात, पाळी मागेपुढे होऊ लागते आणि पुढे थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे समजावे. दोन महिने चुकली की ‘सुटले बाई’ म्हणून निर्धास्त होऊ नये. या मधल्या काळात दिवस राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची झालेली फजितीही पाहिली आहे. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

या काळात छातीतून एकदम गरम वाफ उठते, चेहऱ्यापर्यंत चढते, घामाने पोलके भिजते, आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. आपल्या वर्ध्याच्या वैशाखात पारा पंचेचाळीसवर गेला म्हणजे ही आग आतली की बाहेरची हेच कळत नाही. मला स्वतःला ते पौषातल्या रात्री कळले. घरातले सारे दुलया घेऊन निजलेले, आणि मी अंगणात येऊन उभी. झोप उडते, छाती धडधडते, क्षुल्लक कारणाने रडू येते, लेकरांवर ओरडले जाते. घरचे म्हणतात, ‘आई हल्ली फार चिडकी झाली.’ आईलाही तसेच वाटते आणि ती मनातल्या मनात खजील होते. हा आपल्या स्वभावातला बिघाड नसून शरीरातला बदल आहे, एवढे जरी तिला कोणी सांगितले तरी निम्मा भार उतरतो. त्रास फारच असेल तर त्यावर औषधे आहेत. ती कोणाला चालतात आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते. शेजारणीच्या गोळ्या आणून घ्यायच्या नसतात.

हाडांचेही तसेच. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने झिजतात. मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी आपल्या प्रत्येकीच्या नात्यात सापडेल. ते हाड त्या दिवशी मोडले खरे, पण झिजायला लागले होते वीस वर्षांपूर्वी. म्हणून ताक, दूध, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, हरभरा, डाळ हे आपल्या ताटात पडले पाहिजे. सर्वांची जेवणे झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी उरेल ते खायचे, हा नेम आता मोडावा. अंगावर ऊन घ्यावे, रोज अर्धा तास चालावे. स्वयंपाकघरातल्या येरझारा त्यात धरू नयेत! रक्तदाब आणि साखर याच वयात वर चढू लागतात, म्हणून वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावीत.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते.

माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्या घराचा खांब होत्या. पाळी गेली तेव्हा त्या आनंदल्या. आमच्याकडे महालक्ष्म्यांचे सोवळे कडक. पूर्वी दरवर्षी तारखा मोजण्याची धास्ती असे, ती संपली. ‘आता माह्या हातची आंबील कधी चुकणार नाही,’ असे त्या म्हणाल्या होत्या. तीन वर्षे अशी गेली. चौथ्या वर्षी श्रावणात त्यांना पुन्हा थोडे रक्त दिसले. महालक्ष्म्या पंधरा-वीस दिवसांवर. त्यांनी कोणाला सांगितले नाही. ऐन महालक्ष्म्यांतही डाग दिसत होताच, तरी त्यांनी पुरण वाटले, सोळा भाज्या केल्या, आंबील शिजवली. आणि मग त्यांच्या मनाने घेतले की आपण बाहेरच्या असताना देवीचा नैवेद्य केला, म्हणूनच हे थांबत नाही. हा आपल्याला दंड आहे.

दिवाळी गेली, संक्रांत आली. हळदीकुंकवाच्या रात्री भांडी आवरताना त्या भिंतीला टेकून बसल्या तेव्हा मी विचारले. तेव्हा कुठे पाच महिन्यांची गोष्ट बाहेर पडली. मी म्हटले, ‘अहो, मी घरात नर्स असून तुम्ही मला का नाही सांगितले?’ त्या म्हणाल्या, ‘नातवंडं झाल्यावर असं कोनाले सांगाव बाई? सुना हासतीन.’

दुसऱ्या दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले. गर्भाशयाचा कर्करोग निघाला, आणि तो गर्भाशयाबाहेर पसरला होता. पुढच्या महालक्ष्म्यांना त्या नव्हत्या.

मैत्रिणींनो, भिंतीपलीकडच्या खोलीत मी निजत होते. बाहेर गावभर मी आरोग्याचे सांगत फिरत होते आणि माझ्याच घरात मला सांगण्यासारखे वातावरण मी केले नव्हते. हे ओझे माझ्यावरचे आहे. ते हलके व्हावे म्हणून मी बोलत नाही. तुमच्यापैकी एकीने जरी वेळेवर तोंड उघडले, तरी मला पुरे.

ही एका घरची गोष्ट नव्हे. सेवाग्रामात ज्यांचे बालपण गेले ते डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. शंभरातल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासून घेतलेल्या शंभरात जेमतेम आठ! बाकीच्या अंगावर काढीत होत्या. हे आपल्या विदर्भातले आकडे आहेत.

म्हणून एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले, तरी ती पाळी परतली नव्हे, देवीचा कोप नव्हे, उष्णताही नव्हे. त्याच आठवड्यात तपासून घ्या. घाबरू नका, अशा दहा जणींपैकी सुमारे नऊ जणींना कर्करोग नसतो. पण दहावी कोण, हे घरी बसून कळत नाही. आणि वेळेवर कळले तर तीही बहुधा बरी होते. तसेच पाळी जाण्याच्या काळात फार अंगावर जाऊन अशक्तपणा येणे, संबंधानंतर रक्त दिसणे, घाण वास येणारे पाणी जाणे, स्तनात गाठ लागणे, अंग बाहेर येणे, खोकताना लघवी होणे, यांतले काही असेल तर ‘या वयात असे चालायचेच’ म्हणू नका. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तिशीनंतर करून घ्यावी असा सरकारी कार्यक्रमच आहे. आपल्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

याची दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी पांढरे जाते, पोट दुखते म्हणून गेलेल्या तरण्या बाईला सरळ ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची अशी कहाणी २०१९ साली महाराष्ट्रभर गाजली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी कापली जाते, म्हणून कित्येकींनी पिशवीच काढून टाकली होती. पुढे केंद्र सरकारने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी नियम आखले, आणि ते सर्व राज्यांनी लागू करावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, त्याला नाही म्हणू नये. पण आधी विचारा: दुसरे औषध आहे का? अंडाशये ठेवणार की काढणार? कारण तीही काढली तर पाळी जाण्याचा सारा त्रास एका दिवसात अंगावर येतो. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे.

आपले वर्धा हे गाव या बाबतीत मागे राहू नये. कस्तुरबांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात त्यांच्या नावाने सेवाग्रामला दवाखाना सुरू झाला, तो मुळात बायकामुलांसाठी आणि पंधरा खाटांचा होता. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. म्हणजे दवाखाना आपल्या दाराशी आहे. अडते ते उंबरठ्याशी. १९२८ साली जमनालालजींनी लक्ष्मीनारायणाचे मंदिर सर्वांना खुले केले. ज्या गावात देवळाचे दार उघडले गेले, त्या गावातल्या बाईने विटाळाच्या धाकाने आपले दुखणे लपवावे, हे आपल्याला शोभत नाही.

मंडळाकडे माझी तीन मागणी आहेत. एक, दर महिन्याच्या सभेत पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. दोन, तपासणीला एकटीने जायची भीती वाटते, म्हणून जोडीने जावे. जिला सोबत नसेल तिच्याबरोबर मी येईन. तीन, येत्या संक्रांतीला वाण म्हणून आणखी एक डबा लुटण्याऐवजी रक्तदाब आणि रक्ताची तपासणी ठेवावी, आणि त्या दिवशी विधवा भगिनींनाही मानाने बोलवावे. या वयाच्या कितीतरी बायका त्यांच्यात आहेत, आणि आपल्या हळदीकुंकवातली कोणतीही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आज घरी गेल्यावर आपल्या सासूला, जावेला, नणंदेला एकान्तात एवढेच विचारा, ‘तुम्हाला काही त्रास तर नाही ना?’ आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसा. पहिल्यांदा ती ‘नाही’च म्हणेल. तरी उठू नका.