कधी वाजते, ते सांगा

मिळालेली मिनिटं थोडी आहेत, आणि ती मी एकाच तक्रारीवर खर्च करणार आहे. आपण गाडी मिस्त्रीकडे नेतो आणि सांगतो, ‘गाडी आवाज करतीय, बघा जरा.’ बास! कसला, कुठून, कधी, काही नाही. आणि गॅरेजच्या दारात गाडी हमखास गप्प.

तान्हं मूल रडायला लागलं की आई काय करते? दूध पिऊन रडतंय का, आडवं टाकल्यावर रडतंय का, ते बघते. गाडीचंही तेच. ती कधी रडते, ते बघा.

वाईहून पसरणीचा घाट चढताय. वेगाबरोबर ‘घूंऽऽ’ वाढतंय. वेग तोच ठेवून गिअर बदला. सूर बदलला नाही, तर इंजिन सोडा, चाकाकडे बघा. डाव्या वळणावर आवाज वाढला, तर संशय उजव्या बेअरिंगचा. डावीकडे वळताना भार उजव्या अंगावर येतो ना! दुखऱ्या कानाच्या कुशीवर टाकलं की मूल किंचाळतं, तसंच हे. मात्र डांबरावरून काँक्रीटवर येताच सूर बदलला, तर आधी टायर तपासा. उगाच बेअरिंग बदलून बसाल.

सांगलीत गणपती पेठेत गाडी वळवताना स्टिअरिंग पूर्ण मारलं की कट-कट-कट? अ‍ॅक्सलचा जॉइंट. रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल.

आणि खंबाटकीचा घाट! भरली गाडी चौथ्या गिअरवर रेटायची, इंजिन टकटक वाजलं की पेट्रोलपंपवाल्याला शिव्या द्यायच्या. अहो, आधी गिअर उतरवा! थांबली टकटक? मग पंपवाल्याचा काय दोष? खालच्या गिअरवरही वाजत राहिली, तर मात्र... ते लांबलचक आहे, राहू दे.

ब्रेकचं तेवढं सांगतो. दाबल्यावर रोज ‘चीं’ वाजत असेल, तर पॅड बघून घ्या. लोखंडावर लोखंड घासल्यासारखं ‘खर्र’ वाजलं, तर गाडी पुढे नेऊ नका. घाट उतरायचा असेल तर मुळीच नाही.

पण हे ऐकू कधी येणार? गाडीत गाणी एवढी मोठी! वळणावर, चढावर आवाज जरा बारीक करत जा. आकाशवाणीवर बसून हे सांगतोय, केंद्रप्रमुखांनी माफ करावं.

पुन्हा सांगतो, कारण तुम्ही विसरणार: ‘आवाज येतो’ म्हणू नका, कधी येतो ते सांगा. गाडी थंड असताना की तापल्यावर, चढाला की उताराला, वळताना की ब्रेक दाबताना. चिठ्ठीवर लिहून द्या. बेल्टच्या आवाजाचं राहिलंच, स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. तेवढं एक करा, मिस्त्रीला शेजारी बसवून ज्या रस्त्यावर गाडी वाजते त्याच रस्त्यावर न्या.