विद्यार्थ्यांचे मन आणि अमळनेरचे छात्रालय

(शताब्दीनिमित्त ग्वाल्हेर येथे सभासदांसमोर झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



ग्वाल्हेरला निवासी शिक्षणाची जुनी परंपरा आहे. किल्ल्यावरील सिंदिया स्कूल १८९७ साली सरदारपुत्रांसाठी सुरू झाले. आज येथील कितीतरी मुले परीक्षांच्या तयारीसाठी कोट्यासारख्या परगावी जाऊन राहतात. घरी राहणाऱ्या मराठी मुलालाही घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, असा प्रवास रोजच करावा लागतो. या मुलांच्या गुणांची चौकशी सारेच करतात. त्यांच्या मनाची चौकशी कोणी करावयाची?

या प्रश्नाचे एक उत्तर अमळनेर येथे मिळते. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. छात्रालयातील मुले खानदेशच्या खेड्यापाड्यांतून आलेली होती. अनेकांच्या घरची बोली अहिराणी होती. गुरुजींना हे परकेपण अनुभवाने ठाऊक होते. औंध व पुणे येथे त्यांनी स्वतः अर्धपोटी शिक्षण घेतले होते आणि १९१७ साली आई वारली तेव्हाही ते घरापासून दूरच होते.

छात्रालयात त्यांनी उपदेशाऐवजी सेवेचा मार्ग धरला. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, अंथरुणांच्या घड्या कराव्यात, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, असा त्यांचा क्रम होता. शिक्षा न करताही मुले हळूहळू ती कामे आपण होऊन करू लागली. याच्या जोडीला ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढीत. आपले गुरुजी आपल्यासाठी रोज काही लिहितात, ही जाणीवच एकाकी मुलाला आधार देणारी होती. ज्याची रोज कोणी दखल घेतो, ते मूल आपले दुःखही कधीतरी बोलून दाखविते.

परंतु या उदाहरणाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. १९३० साली गुरुजी स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि शाळा सुटली. एका व्यक्तीच्या वात्सल्यावर उभी राहिलेली व्यवस्था ती व्यक्ती गेल्यावर कशी टिकावी? दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. इतरांचे अश्रू पुसणाऱ्या या महापुरुषाने ११ जून १९५० रोजी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. त्या घटनेची कारणमीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु जो दुसऱ्यांचा भार वाहतो, त्याचेही मन कोणीतरी जपले पाहिजे, एवढा बोध तीतून निश्चित घ्यावा. साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळून थकलेला शिक्षक मुलांना धीर कोठून देणार?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळांना समुपदेशक मिळावेत असे म्हटले आहे. हे इष्टच आहे. तथापि समुपदेशकाकडे मुलाला पाठवावयाचे तर त्याचे काहीतरी बिनसले आहे हे आधी कोणाच्या तरी नजरेस यावे लागते. डबा न खाता परत नेणारे, मित्रांतून अंग काढून घेणारे, अभ्यासात अचानक मागे पडणारे मूल वर्गशिक्षकालाच प्रथम दिसते. त्याने ‘असे का केलेस?’ असा जाब विचारण्याऐवजी ‘काय झाले, बाळ?’ असे विचारावे. मुलाने सांगितलेले हसण्यावारी नेऊ नये, आणि दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे दिसताच जाणकाराची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

या कामी ग्रंथालयाचाही वाटा आहे. शाळेत गुण लागतात आणि घरी अपेक्षांना तोंड द्यावे लागते. वाचनालयात मात्र मुलाला काहीच सिद्ध करावे लागत नाही. येथे त्याला आपल्या घरची भाषा भेटते, आपल्यासारखेच दुःख भोगणारी माणसे पुस्तकांत भेटतात. शताब्दीच्या या वर्षी बालविभागात चार पुस्तके अधिक यावीतच. परंतु तेथे येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारे एक वडीलधारे माणूसही असावे. शंभर वर्षे ग्रंथ जपलेल्या संस्थेला हे अवघड जाऊ नये.