दोन पाण्यांचे दोन रंग
(भिसेगाव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आपल्या कर्जत तालुक्यातील मुलांना नदी पुस्तकातून शिकवावी लागत नाही. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास नेरळ, बदलापूर, कल्याण या गावांवरून वसईच्या खाडीला जाते, आणि आपल्याच तालुक्यात पेज तिला येऊन मिळते. पावसाळ्याच्या आरंभी एखाद्या संगमावर एक पाणी तांबूस गढूळ व दुसरे त्या मानाने निवळ दिसले, म्हणजे मूल विचारते, "गुरुजी, दोन्ही पाणीच ना? मग रंग वेगळा का?" हा प्रश्न "तसेच असते" म्हणून उडवून लावण्याजोगा नाही.

पाण्याला रंग नाही असे आपण शिकवितो; पेल्यातील पाण्यापुरते ते खरे आहे. खोल पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते व निळसर दिसते. १९२१ साली यूरोपच्या प्रवासात समुद्राची निळाई न्याहाळून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवून दिले की, ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात. नदीचा रंग मात्र बहुधा पाण्याचा नसतोच. तिने वाहून आणलेली माती, कुजलेल्या पाल्याचा अर्क, शेवाळ यांचा तो असतो. म्हणून नदीचा रंग म्हणजे तिने ओलांडलेल्या मुलखाची हकीकतच होय.

पेजेचेच पाहा. १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. घाटमाथ्यावरील आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणात अडवून ते नळांवाटे खाली आणतात, आणि वीज निर्माण करून झाल्यावर ते पेजेत सोडतात. एरवी भीमेवाटे बंगालच्या उपसागराला गेले असते असे हे पाणी आपल्या दारावरून पश्चिमेला वाहते! जलाशयात स्थिर राहिलेल्या पाण्यातील गाळ बराचसा तळाशी बसतो; उलट, डोंगरउतारावरून नुकतेच धावत आलेले पाणी माती घेऊनच येते.

आता दुसरा प्रश्न. भेटल्याबरोबर ही पाणी मिसळत का नाहीत? प्रवाहाची सारी धाव पुढे असते. आडवे मिसळणे भोवऱ्यांवर अवलंबून असते आणि त्याला अंतर लागते. दोन पाण्यांच्या वेगांत, तपमानांत वा घनतेत फरक असेल, तर विलंब अधिकच. ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ काळसर निग्रो व पिवळट सोलिमोइस या नद्या सुमारे ६ किलोमीटर शेजारी-शेजारी वाहतात. प्रयागला गंगा फिकट आणि यमुना हिरवट दिसते, तेही थोड्या अंतरापुरतेच. कऱ्हाडला कृष्णा व कोयना समोरासमोर येतात. अशा भेटीत खळबळ अधिक.

"दोन महासागर भेटतात, पण मिसळत नाहीत" असे सांगणारे एक चित्र हल्ली मोबाईलवर फिरते, आणि मुले ते पालकांच्या हातात पाहतात. ते अलास्काच्या आखाताचे आहे. हिमनद्यांनी दळलेला बारीक गाळ घेऊन आलेले नद्यांचे पाणी तेथे समुद्राला भेटते. ते मिसळते, केवळ सावकाश.

या रंगाकडे लक्ष देणे आपल्याकडे जिवाशी निगडित आहे. गावात ऊन असताना निवळ प्रवाह एकाएकी गढूळ होऊन काटक्या-पाला वाहू लागला, तर वर डोंगरात पाऊस कोसळला आहे असे समजून मुलांनी तत्काळ काठावर यावे, वस्तू आणावयास परत उतरू नये. पेजेचे मात्र वेगळे आहे. वीजगृहातून पाणी सोडल्यावर ते न गढूळताही वाढते, म्हणून तेथे रंगावर विसंबू नये. तसेच निवळ पाणी म्हणजे पिण्यास योग्य पाणी नव्हे. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

वर्गात दाखविण्यासाठी काचेच्या पेल्यात मिठाचे दाट पाणी अर्ध्यापर्यंत घ्यावे. त्यावर चमचा आडवा धरून निळी शाई घातलेले साधे पाणी हलकेच ओतावे. हलके पाणी वर तरंगत राहील. पेला हलवू नये. दुसऱ्या दिवशी शाई कोठवर उतरली आहे ते मुलांनीच पट्टीने मोजून फळ्यावर लिहावे. शेजारी पावसाळी नदीच्या पाण्याची एक बाटली ठेवावी, म्हणजे गाळ किती दिवसांत बसतो तेही कळेल.