व्यायामालाही जागा लागते
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण हसत हसत म्हणतो. मी मात्र मूळचा कोल्हापूरचा. तालमीतल्या शड्डूचा आवाज ऐकत वाढलो. नोकरीसाठी इथं आलो तेव्हा "इकडच्या लोकांना व्यायामाची आवडच नाही," असं बिनधास्त बोलायचो. एकदा शेजारच्या काकूंनी ते ऐकलं. म्हणाल्या, "आवड आहे हो भाऊ, पण जावं कुठं अन् कव्हा?"

त्या दोन शब्दांवर मी पुढं बराच विचार केला. कोल्हापूरकर काही जन्मतः पैलवान नसतात. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठेपेठेत तालमी होत्या. म्हणून पोरं लाल मातीत उतरली. बरं, उन्हाला दोष द्यावा, तर अमरावतीचं ऊन काय कमी आहे? तिथं 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पिढ्या घडवतंय. म्हणजे आधी जागा, मग सवय.

आपल्याकडं जुन्या माणसाला वेगळा व्यायाम लागतच नव्हता. दिवसभर कापसात, ज्वारीत राबलेला माणूस संध्याकाळी जोर कशाला काढील? आपण शेतातून खुर्चीवर आलो. घाम थांबला, ताटातलं काही कमी झालं नाही.

तरी सावली मिळाली की परभणीकरही चालतो. कृषी विद्यापीठाच्या झाडीतल्या रस्त्यांवर पहाटे बघा. पण पहाटे घराबाहेर पडायला कुणाला जमतं? माझ्यासारख्या पेन्शनरला. घरातल्या बाईला तेव्हा पाणी भरायचं असतं, डबे करायचे असतात. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, दिवसा बाहेर पडायची सोय नाही. तिला सवड मिळते रात्री नऊनंतर, आणि तेव्हा आपल्या मोकळ्या जागेत अंधार असतो.

आमच्या हिला साखर निघाली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते. ही दोन वर्षं गच्चीवर पाण्याच्या टाक्यांभोवती फेऱ्या मारत होती. खाली मोकळी जागा असताना! मला आळशी वाटणारी माणसं माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर चालत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या सभेत त्या मोकळ्या जागेवर पार्किंग करायचा विषय आहे. गाड्या वाढल्यात, मान्य. माझीही एक आहे. पण कडेनं चार फुटांची वाट सोडा, दोन दिवे लावा, चार कडुनिंब लावा. माझी गाडी मी बाहेर उभी करीन.

पंचवीस वर्षांत आपण घरं बांधली. आता घरातल्या माणसांना चालायला वाट देऊ या.