रॅप, बेलफास्ट आणि आपल्या घरातली मराठी

(मंडळाच्या वार्षिक सभेत कार्यकारिणीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी चाळीस मिनिटे रॅपचा कार्यक्रम ठेवावा, असा अर्ज आपल्या युवक शाखेने दिला, तेव्हापासून मंडळात दोन तट पडले आहेत. विरोधाची तीन पत्रे आली. एका पत्रात म्हटले आहे की गणपतीपुढे बडबड नको, गाणे हवे. दुसऱ्यात मागणी आहे की सगळ्या गाण्यांचे शब्द आधी लेखी घ्यावेत आणि कार्यकारिणीने तपासून मंजूर करावेत. तिसरे पत्र फार कडक आहे, ते इथे वाचत नाही. अर्जावर निर्णय आज सभेने घ्यायचा आहे. त्याआधी आम्हाला जे सांगायचे आहे ते थोडे लांबून, आयर्लंडहून, सुरू होते. कंटाळू नका.

रॅपची जन्मकथा आपल्या तरुणांना पाठ आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या जमैकन मुलाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, तिथून ही परंपरा धरतात. काळ्या आणि पोर्तोरिकन वस्तीतली, हातात वाद्य नसलेल्या पोरांची ती कला होती. आज ती जगभर आहे. पण आपल्याला उपयोगी पडणारे उदाहरण आम्हाला अमेरिकेत नाही, उत्तर आयर्लंडच्या बेलफास्ट शहरात दिसते, कारण तिथे प्रश्न आपलाच आहे. मोठ्या भाषेच्या गावात राहणाऱ्या लोकांनी आपली भाषा पुढच्या पिढीच्या तोंडात कशी ठेवायची?

उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग. तिथे इंग्रजी सर्वत्र. आयरिश भाषा न्यायालयात वापरायला बंदी करणारा कायदा १७३७ सालचा, आणि तो रद्द करण्याची तरतूद झाली ती थेट २०२२ च्या कायद्यात. २०२१ च्या जनगणनेत आयरिश थोडीफार येते असे सांगणारे साधारण १२ टक्के निघाले. हीच माझी मुख्य भाषा असे सांगणारे मात्र अर्धा टक्कासुद्धा नव्हते. थोडीफार येते आणि तीच बोलतो, ह्यातले हे अंतर आपल्या सभासद-यादीलाही लागू पडते. यादीत आडनावे मराठी आहेत. फोन कोणत्या भाषेत उचलला जातो, ते ज्याने त्याने आठवावे.

१९६९ साली बेलफास्टमधल्या मोजक्या कुटुंबांनी ठरवले की घरात आणि गल्लीत आयरिशच बोलायची. शॉज रोडला त्यांनी जागा घेऊन शेजारी-शेजारी घरे बांधली. १९७१ मध्ये स्वतःची शाळा काढली. सरकारी अनुदान मिळायला १९८४ उजाडले, म्हणजे तेरा वर्षे शाळा पालकांच्या खिशातून आणि वर्गणीतून चालली. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलेले लोक आज ह्या सभागृहात बसले आहेत. तेरा वर्षे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायला नको.

पुढच्या फळीत गॅरोइड ओ करेलॉन नावाचे कार्यकर्ते झाले. १९८४ मध्ये त्यांनी ‘लॉ’ म्हणजे ‘दिवस’ नावाचे आयरिश वर्तमानपत्र उभे करण्यात पुढाकार घेतला, १९९१ मध्ये फॉल्स रोडवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत आयरिश भाषेचे सांस्कृतिक केंद्र उभारण्यात ते होते, आणि आयरिश भाषेच्या एका जुन्या संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. थोडक्यात, सभा, ठराव, वर्गणी, नाटक, वर्तमानपत्र. आपलेच लोक. ते वर्तमानपत्र २००८ मध्ये बंद पडले. स्वतः ओ करेलॉन २०२४ च्या डिसेंबरात वारले.

त्यांचा मुलगा रॅपर झाला. त्याचे रंगमंचावरचे नाव मोगली बाप. (मराठी माणसाला ह्या नावाचे हसू येणारच.) त्याच्याबरोबर मो खारा, म्हणजे आयरिशमध्ये ‘माझा मित्र’, आणि तिसरा डीजे प्रोवी. हा तिसरा शाळेत आयरिश शिकवत असे आणि मंचावर आयर्लंडच्या झेंड्याच्या तीन रंगांचा बुरखा घालतो. तिघांच्या गटाचे नाव ‘नीकॅप’. गुडघ्यात गोळी घालणे ही तिथल्या सशस्त्र टोळ्यांची शिक्षा होती, त्यावरून हे नाव. नावापासूनच मंडळी सभ्य नाहीत.

त्यांचे पहिले गाणे २०१७ सालचे, नाव ‘क्यार्ता’, अर्थ ‘हक्क’. त्या काळाची पार्श्वभूमी लक्षात घ्या. २०१६ च्या डिसेंबरात तिथल्या मंत्र्याने गरीब मुलांना आयरिश भाषक भागात शिकायला पाठवण्याची ५० हजार पौंडांची शिष्यवृत्ती बंद केली. रक्कम सरकारच्या दृष्टीने चिल्लर, पण लोक चिडले. काही आठवड्यांत ती परत सुरू करावी लागली. तोवर इतर कारणांनी पेटलेल्या वादात तिथले सरकारच कोसळले होते. मे २०१७ मध्ये भाषा कायद्यासाठी लाल कपडे घातलेल्या हजारोंचा मोर्चा बेलफास्टमध्ये निघाला. ‘क्यार्ता’ ह्या शब्दामागे हे सगळे आहे. हा शब्द रंगवताना एक मित्र पोलिसांच्या हाती लागला, त्या प्रसंगातून गाणे सुचले, असे त्यांनी सांगितले आहे.

आणि हे गाणे पहिल्यांदा थांबवले कोणी? ब्रिटिश सरकारने नव्हे, आयरिश भाषेतच चालणाऱ्या तरुणांच्या एका रेडिओ केंद्राने. कारण, गाण्यात नशेचा उल्लेख आणि शिव्या आहेत. ते कारण खोटे नव्हते. गाण्यात दोन्ही आहेत, भरपूर आहेत. आम्ही त्या नशेच्या गोडव्यांचे समर्थन करत नाही, आणि आमच्या नातवंडांनी ते उचलावे असेही वाटत नाही. पण भाषेच्या बाजूने काय घडले ते बघा. शाळेत शिकलेली आयरिश ही प्रार्थनेची, कवितेची, निबंधाची. तिच्यात शनिवार रात्रीच्या शहरासाठी शब्दच नव्हते. ह्या पोरांनी जुने शब्द ओढून आणले, नवे बनवले, इंग्रजी ओळीला आयरिश यमक जुळवले. भाषेत भांडता, थट्टा करता आणि चावटपणा करता आला पाहिजे, नाहीतर ती सणावाराची पैठणी होते. कपाटात नीट घडी करून ठेवलेली, आणि घडीवरच विरलेली.

आपल्या घरची मराठी आठवा. ताटावरची मराठी आपल्याकडे उत्तम आहे. वरणभात, मुरांबा, सोवळे, आरत्या, नातीगोती. नातू मित्राशी भांडतो ते गुजरातीत, प्रेमात पडतो ते हिंदीत, नोकरी करतो ते इंग्रजीत. मराठी त्याच्या आयुष्यात आजीच्या खोलीपुरती उरते, आणि आजी गेली की त्या खोलीचे काय होते, हे आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहे. बडोद्यात १९०९ मध्ये मराठी साहित्य संमेलन झाले आणि २०१८ मध्येही झाले. दोन्हींचा अभिमान आहेच. पण २०१८ च्या मांडवात आपल्या गावचे पंचविशीखालचे श्रोते किती होते, हे तिथे गेलेल्यांनी प्रामाणिकपणे सांगावे.

त्यात आपण पोरांना टोकतो. पुण्याचे पाहुणे आपल्या मराठीला हसतात, ‘मजामा’ऐवजी ‘बरं आहे’ म्हण सांगतात, आणि आपण तेच मुलांना सांगतो. मूल गप्प बसते. मिश्र मराठीत रॅप करायला तयार असलेला मुलगा गप्प बसलेल्या मुलापेक्षा आम्हाला अधिक हवा आहे. नीकॅपच्या गाण्यांत निम्मी इंग्रजी असते म्हणून तिथल्याही जाणकारांना खटकले. पण २०२४ च्या जूनमध्ये त्यांचा ‘फाइन आर्ट’ हा अल्बम आला, त्याच वर्षी त्यांच्यावरचा चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच्याच भूमिका केल्या, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला पदार्पणासाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. बहुतांशी आयरिश भाषेतला चित्रपट इंग्लंडच्या थिएटरांत लोकांनी खाली उमटणारी भाषांतरे वाचत पाहिला.

आता राजकारणाकडे येतो, कारण विरोधकांची खरी भीती तिथे आहे. ही पोरे उद्या मंचावरून काही बोलली आणि मंडळ अडचणीत आले तर? भीती पोकळ नाही. नीकॅपच्या बाबतीतही प्रकरण सरळ नाही. २०२४ मध्ये ब्रिटिश मंत्र्याने त्यांना मंजूर झालेले १४,२५० पौंडांचे अनुदान अडवले. ते न्यायालयात गेले, त्या नोव्हेंबरात सरकारने माघार घेतली, आणि मिळालेली रक्कम त्यांनी बेलफास्टच्या दोन्ही वस्त्यांतल्या, म्हणजे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, एकेका युवक संस्थेला दिली. इथे आमची टाळी. पण खासदारांना मारा अशा अर्थाचे त्यांचे जुने मंचीय बोलणे २०२५ च्या एप्रिलमध्ये पुढे आले, तेव्हा हत्या झालेल्या दोन खासदारांच्या कुटुंबीयांची त्यांना माफी मागावी लागली. मागायलाच हवी होती. लंडनच्या कार्यक्रमात हिजबुल्लाचा झेंडा दाखवल्याच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये मो खारावर दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा लागला. सप्टेंबरात न्यायालयाने खटला काढून टाकला, पण तो मुदत आणि परवानगी ह्या तांत्रिक मुद्द्यावर, आणि सरकारी पक्षाने त्यावर अपील केले. म्हणून त्यांना कोणी हुतात्मा म्हणून समोर ठेवू नये. आम्हीही ठेवत नाही.

महाराष्ट्रातही हे घडले आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर आणि राजकारणावर मराठीत रॅप केले म्हणून दोन तरुणांवर वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. आणि कवितेवर खटला भरणे आपल्याला नवे कुठे आहे? १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा जो खटला झाला, त्यात १५ जूनच्या ‘केसरी’तली शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता हा एक मोठा पुरावा होता. नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. कविता तीच होती, ऐकणारा कान वेगळा होता.

आणखी एक ताजे प्रकरण, आपल्याच राज्यातले. जानेवारी २०२५ मध्ये जामनगरच्या पोलिसांनी एका खासदारावर समाजमाध्यमात टाकलेल्या चित्रफितीतल्या कवितेवरून गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. खंडपीठावर न्या. अभय ओक, आपले ठाण्याचे, आणि न्या. उज्जल भुयान होते. निकालाचा सार असा, की शब्दांचा परिणाम खंबीर आणि विचारी माणसाच्या मापाने मोजावा, प्रत्येक बोलण्यात धोका पाहणाऱ्या कमकुवत मनाच्या मापाने मोजू नये. आपल्या मंडळाने कोणते माप धरायचे, हा आजचा प्रश्न आहे.

शब्द आधी तपासावेत ह्या मागणीला आमचा विरोध इथून येतो. तपासणार कोण? आम्ही सात जण, सर्वांचे वय साठच्या पुढे. आम्ही अर्ध्या ओळी समजणार नाही आणि न समजलेल्या कापणार. ब्रिटिशांच्या १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने खेळ आधी अडवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली, हे आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. तोच अधिकार स्वतःकडे घ्यायची आपल्याला काय घाई आहे? शिवाय कलगी-तुऱ्याचा फड आधी शब्द लिहून देऊन कधी रंगला आहे काय? समोरच्याच्या सवालाला जागेवर जवाब, हीच त्याची गंमत होती. रॅपवाले त्याला बॅटल म्हणतात.

तेव्हा कार्यकारिणीचा प्रस्ताव असा. उत्सवाच्या सहाव्या दिवशी, आरती झाल्यावर रात्री आठ ते आठ-चाळीस हा वेळ युवक शाखेला द्यावा. गाण्यात निम्म्याहून अधिक शब्द मराठी असावेत, मग ती मराठी बडोद्याची का असेना. कोणाही खासगी व्यक्तीचे नाव घेऊन बदनामी नको, कोणाच्या जातिधर्माला शिवी नको आणि मांडवात नशेची जाहिरात नको. हे नियम मुलांनी आमच्याबरोबर बसून स्वतः लिहिले आहेत. शब्द आधी मागायचे नाहीत. कार्यक्रम संपला की वीस मिनिटे ज्येष्ठांनी प्रश्न विचारायचे आणि पोरांनी मंचावरूनच, मराठीत, उत्तरे द्यायची. ज्यांनी विरोधाची पत्रे लिहिली त्या तिघांनी पहिल्या रांगेत बसून पहिले तीन प्रश्न विचारावेत, अशी त्यांना विनंती आहे. एकाने होकार कळवला आहे.

ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होईल, ते पोलिसांच्या परवानगीतच आहे. आता प्रस्ताव मतास टाकावा, अशी अध्यक्षांना विनंती.