पाद्र्याच्या घरची पेटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडन, राजवाडा आणि धुके उभे राहते. आज मी तुम्हांला तिथल्या एका खेड्यात नेणार आहे. काळ व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीच्या अखेरचा, म्हणजे १८८० पासून पुढचा. ऑक्सफर्डशायरमध्ये कॉटिसफर्ड नावाची एक लहानशी पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. मुलाचे नामकरण, मुलीचे लग्न, म्हाताऱ्याची मूठमाती, सगळे त्या एका चर्चच्या वहीत लिहिले जायचे. ह्या पॅरिशमधल्या जुनिपर हिल ह्या वाडीत १८७६ साली एका पाथरवटाच्या घरी फ्लोरा टॉमसन ही लेखिका जन्मली. आपल्या लहानपणचे सगळे तिने १९३९ साली 'लार्क राइज' ह्या पुस्तकात लिहिले. गावांची आणि माणसांची नावे तेवढी बदलली. चुली, विहिरी आणि भांडणे खरीच.

शेतमजुराची मजुरी आठवड्याला १० शिलिंग. घरात सहा-सात मुले ही नवलाची गोष्ट नव्हे. त्यात भाडे, बूट, जळण आणि पोट. हा हिशेब कुणी जमवायचा, हे तुम्हांला मी सांगायला नको.

स्वयंपाक दिवसातून एकदाच, संध्याकाळी, गडी शेतावरून परतायच्या वेळी. विस्तवावर एकच मोठा हंडा. त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, जाळीच्या पिशवीत कोबी, दुसऱ्या जाळीत बटाटे आणि फडक्यात गुंडाळून बांधलेला कणकेचा गोड गोळा, सगळे एकाच पाण्यात शिजायचे. इंधन वाचवण्याची ती युक्ती पाहून मला त्या बायकांविषयी आदरच वाटला. मांसातला मोठा वाटा कमावत्या पुरुषाचा, हे ओघाने आलेच.

डुकराचे नाव काढल्यावर कुणी नाक मुरडू नये. आपल्याकडे दारची गाय, तसे त्यांचे परसातले डुक्कर. मुले शाळेतून येताना त्याच्यासाठी पाला आणि गोगलगायी गोळा करीत. रविवारी पाहुणे आले की त्यांना आधी डुक्कर दाखवीत. आणि गंमत अशी की, ते मारायचे ते चंद्र वाढता असतानाच, नाहीतर मांस शिजताना आटते अशी समजूत. म्हणजे पंचांग काही आपल्यापुरतेच नाही!

सुगी संपली की बायका-मुले शेतात सरवा वेचायला जात. पाठ मोडेपर्यंत वाकून कणीस न् कणीस टिपायचे, गिरणीत दळायला द्यायचे, आणि पिठाचे पोते घरी आले की काही दिवस ते बैठकीत खुर्चीवर ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावे म्हणून. त्या खुर्चीवरच्या पोत्यात जो अभिमान होता, तो माझ्या विषयाचाच भाग आहे.

आता पेटीकडे येते. वाडीत बाळंतपण झाले की पाद्र्याच्या घरून एक पेटी येई. त्यात बाळाची झबली, दुपटी, लंगोट, सगळे सहा-सहा; शिवाय थोडा चहा, साखर आणि बाळंतिणीच्या पेजेसाठी पिठाचा डबा. आपला बाळंतविडाच म्हणा. फरक इतकाच की कपडे उसने. महिन्याभराने धुऊन, इस्त्री करून पेटी परत पाठवायची, मग ती दुसऱ्या घरी जाई. हे कपडे पाद्र्याची मुलगी स्वतः शिवी, फाटले तर सांधी. बायकांना ती पेटी मनापासून हवी असे, आणि देणारीचा हेतूही चांगला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचे ऐकून तुम्ही तिला दुष्ट ठरवाल.

तो हात पेटी देत असे, आणि त्याच हाताखाली सगळे जीवन चाले. शाळेत धर्माचा पाठ द्यायला पाद्री स्वतः येत, आणि वरच्यांपुढे नम्र राहून आपल्या पायरीवर समाधानी असावे, हे तिथे घोकून घेतले जाई. श्रीमंताची गाडी रस्त्याने गेली की मुलींनी गुडघा वाकवून लवायचे. बारा-तेराव्या वर्षी ह्याच मुली मोठ्या घरी कामाला जात. आपल्याकडच्या मुली त्या वयात सासरी जायच्या, तशाच डोळ्यांत पाणी आणून.

ह्या लवण्यापाठी काय होते, ते जोसेफ आर्च ह्याने लिहून ठेवले आहे. हा वॉरिकशायरच्या बारफर्ड गावचा शेतमजूर, १८२६ साली जन्मलेला. १८७२ साली वेल्सबर्नच्या चेस्टनट झाडाखाली त्याने मजुरांची सभा घेतली, संघटना उभी केली, आणि १८८५ साली तो पार्लमेंटात गेला. त्याच्या लहानपणी गावच्या गरीब बायका चर्चमध्ये पाद्रीणबाईंपुढे आधी लवत आणि मगच आपल्या जागी बसत. तो म्हणतो, त्यांना ते आवडत होते असे समजू नका. पण घरी लेकरे उपाशी, म्हणून तोंड वाकडे न करता जे मिळेल ते त्या घेत. एकदा बाईंनी फर्मान काढले की शाळेतल्या मुलींचे केस गोल कापावेत. आर्चच्या आईने साफ नकार दिला. गावात असे करणारी बाई विरळाच.

आर्चची आई बारफर्डला जे वागली, त्याच जातीचे वागणे आपल्या पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली त्या बर्कशायरमधल्या वाँटेजला संन्यासिनींच्या मठात राहिल्या, तेव्हा फ्लोरा सहा वर्षांची होती. मठाने आसरा दिला, प्रेम दिले. तरी मला माझी विवेकबुद्धी आहे, हे रमाबाईंनी त्यांना पत्रांतून ठणकावून सांगितले.

हा विषय मी का घेतला, तेही सांगते. मागे आपण शाळेतल्या मुलांना वह्या वाटल्या. मुलांना रांगेत उभे करून फोटो काढावा की काढू नये, ह्यावर कार्यकारिणीत पुष्कळ वाद झाला. काही वहिनी म्हणाल्या, देणगीदारांना दाखवायला काहीतरी हवेच. त्यांचेही खोटे नव्हते. मी मात्र घरी जाऊन ह्या पेटीचे प्रकरण पुन्हा वाचले.

कायदे हळूहळू आले. १८८० साली शाळा सक्तीची झाली, १८९१ साली फीची अट बहुतेक सुटली. १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिले निघाली, आणि त्यांत लग्न झालेल्या बाईलाही मत देता येऊ लागले, निवडूनही येता येऊ लागले. गावचा कारभार पाद्री आणि जमीनदार ह्यांच्या हातून निदान कागदावर तरी सुटला.

सगळ्यांत मोठी भीती म्हातारपणाची. हात चालेनासे झाले की वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवण्याची जागा. तिथे नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या. आयुष्यभर एका चुलीपाशी बसलेली ती दोघे शेवटी अशी तुटायची.

मग १९०८ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. म्हणजे फ्लोराच्या लहानपणच्या पुऱ्या मजुरीच्या निम्मे. अटी होत्याच, नुकतीच गरिबांची मदत घेतलेल्यांना पहिली दोन वर्षे वगळलेले होते. पैसे मिळत पोस्टात, आणि घेणाऱ्यांत बायकाच अधिक.

फ्लोरा सांगते, पहिल्यांदा पैसे हाती पडले तेव्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. लॉइड जॉर्ज मंत्री. पण एवढे देणारा माणूस साधा कसा असेल, म्हणून त्या त्याला लॉर्डच समजून दुवा देत. आणि काउंटरवरच्या मुलीने नुसते पैसे मोजून दिले होते, तरी तिच्यासाठी त्या आपल्या बागेतली फुले आणि सफरचंदे घेऊन येत.