उतरंड नको, फडताळ हवं

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आपण जागेबद्दल बोलणार आहोत.

आपल्या गटांमध्ये शिलाईचं काम वाढलंय. पिशव्या, गणवेश, गोधड्या, परकर. मशीन आलं, त्याचे हप्तेही फिटत आले. पण मशीन ठेवायचं कुठे? बऱ्याच घरी उत्तर एकच असतं, दाराशेजारची पत्र्याची शेड. तिथे आधीच मोटरसायकल असते, खताची पोती असतात, फवारणीचा पंप असतो, मोडकी खाट असते. त्यातून जो कोपरा उरेल तो आपला.

मग सकाळी मांडामांड करायला अर्धा तास जातो आणि संध्याकाळी गाडी आत घ्यायची म्हणून आवराआवर करायला अर्धा तास. महिन्याचे 25 दिवस धरले तर हे झाले 25 तास. म्हणजे आठ तासांचे तीन दिवस. दर महिन्याला तीन दिवसांची मजुरी नुसत्या उचल-ठेवीत जाते, आणि ती कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

आपण म्हणतो, जागाच लहान आहे. पण दहा बाय बारा फुटांची शेड म्हणजे 120 चौरस फूट. दोन मशिनं, कापड कापायचं टेबल आणि इस्त्री एवढ्यात नीट बसतात. खरी अडचण असते ती उतरंडीची. आजीच्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा. तळाच्या मडक्यातली डाळ हवी असेल तर वरची सगळी मडकी उतरवावी लागायची. आपली शेड तशीच लागलेली असते. अस्तर हवं असेल तर आधी पोतं सरकवा, मग पेटी उतरवा, मग गाठोडं सोडा. कामाच्या जागेला उतरंड नको, फडताळ हवं. हात घातला की वस्तू हातात आली पाहिजे.

आता हे करायचं कसं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, सगळं सामान अंगणात काढा. डाळ निवडतो तसं निवडा. रोज लागणारं एकीकडे, महिन्यातून लागणारं दुसरीकडे, आणि वर्षभरात हात न लागलेलं तिसरीकडे. हा तिसरा ढीग पुन्हा आत जाऊ द्यायचा नाही. भंगारवाल्याला द्या, नाहीतर माळ्यावर टाका.

दुसरं, शेड रिकामी असतानाच जमिनीवर खडूने आखून घ्या. मशीन इथे, टेबल इथे, इस्त्री इथे. आखलेल्या रेघांमधून हातात गाठोडं घेऊन चालून बघा. मधे दोन फुटांची वाट मोकळी हवी. कापड ज्या क्रमाने पुढे जातं, त्याच क्रमाने जागा लावा. आधी कापडाची फळी, मग कटिंग, मग शिलाई, मग काजं-बटणं, मग इस्त्री आणि घडी. माल मागे-पुढे फिरायला नको. मशीन असं ठेवा की उजेड डाव्या हाताकडून येईल. सुई डावीकडे असते, त्यामुळे टाक्यावर हाताची सावली पडत नाही. कटिंगचं टेबल साधारण 36 इंच उंच घ्या. जमिनीवर बसून वाकून कापण्यात कंबर जाते.

तिसरं, भिंतींचा उपयोग करा. जमीन भरलेली असते आणि भिंती रिकाम्या. फळ्या मारताना एक नियम ठेवा. रोजचं सामान कमरेपासून खांद्यापर्यंत, जड सामान खाली, हलकं आणि क्वचित लागणारं वर. कापड जमिनीवर ठेवू नका. विटांवर फळी टाकून वीतभर उंच ठेवा, आणि पत्र्याला चिकटवू नका. पावसाळ्यात पत्र्याला आतून पाणी सुटतं. उंदरांसाठी झाकणाची पत्र्याची पेटी लागतेच. बटणं, हुक, चेन पारदर्शक बरण्यांत ठेवा. रिळांसाठी एका फळीवर खिळे मारा. कात्री, टेप, स्केल भिंतीवर टांगा आणि प्रत्येकाच्या कडेने रंगाने आकार काढून ठेवा. संध्याकाळी रिकामा आकार दिसला की काय हरवलंय ते लगेच कळतं.

तुटलेल्या सुईसाठी एक वेगळी बाटली ठेवा. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, जुळवून बघायचे आणि बाटलीत टाकायचे. तो गणवेश कुणाच्या तरी लेकराच्या अंगावर जाणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोलचा कॅन आणि इस्त्री एका छपराखाली नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. शेडमध्ये कापड, चिंध्या आणि तेलाचे बोळे असतात. म्हणून कॅन कायमचा बाहेर, आणि काम चालू असताना गाडीही बाहेर. इस्त्रीला भिंतीवरचा स्वतंत्र प्लग द्या. मशीनच्या मोटारीबरोबर एकाच लांब वायरीवर ती लावू नका. कीटकनाशकं आणि तणनाशकं शेडमध्ये नकोतच. ती कुलपात, त्यांच्या मूळ डब्यातच राहू द्या. आपल्याबरोबर लेकरं शेडमध्ये खेळत असतात, हे विसरायचं नाही.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, ताई, गाडी बाहेर काढा असं घरात कोण ऐकतं? मोटरसायकलला सुमारे सात फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा लागते. म्हणजे शेडचा जवळजवळ सातवा भाग. गाडी दिवसभर रानात नाहीतर गावात असते, मशीन दिवसभर इथे चालतं. मग ही जागा कुणाच्या हिशेबाने लावायची? भांडून नको, वही घेऊन बसा. महिन्याची शिलाई किती आली आणि उचल-ठेवीत किती दिवस गेले ते नवऱ्याला, सासूबाईंना दाखवा. गाडीसाठी बाहेर एक छोटं छप्पर काढता येतं का ते विचारा. आणि हेही लक्षात ठेवा, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर नवरा-बायको दोघांच्या नावाने लावता येतं. ते लागलंय का, ग्रामपंचायतीत चौकशी करा. जागा आपली म्हणायची तर कागदावरही ती आपली असावी.

एकटीने सामान काढणं जड जातं. पेरणीला आपण सावड करतो, तशीच ही करूया. या महिन्याची गटाची बैठक एका मैत्रिणीच्या शेडमध्ये घ्या. हप्ते जमा झाले की सगळ्यांनी मिळून दोन तास हात लावा. पुढच्या महिन्यात दुसरीची शेड. येताना खडू, टेप आणि मूठभर खिळे आणायला विसरू नका.